खांब क्रमांक सात

पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार खिडकीवर मी बावीस वर्षं बसते. तक्रार खरी किती, हे मला आता वही उघडायच्या आत कळतं. ज्याच्या घरी खरोखर पाणी नसतं तो हळू बोलतो. ज्याच्या घरी शेजाऱ्यापेक्षा कमी येतं तो टेबलावर हात आपटतो. त्या सोमवारी लॉन्ड्रीवाली आली ती जवळजवळ कुजबुजतच आली.

"बाई, माझ्या दुकानापुढचा रस्ता श्वास घेतोय."

तक्रारीच्या वहीत असा रकाना नाही. मी 'इतर' खाली लिहून घेतलं आणि तिच्यासोबत बघायला गेले. रस्ता खरंच श्वास घेत होता. डांबराचा एक तुकडा, साधारण चादरीएवढा, सावकाश वर येई आणि तितक्याच सावकाश खाली बसे. कडेच्या फटीतून पाण्याची एक रेघ निघून लॉन्ड्रीच्या पायरीपर्यंत गेली होती. ऊन कोवळं होतं आणि रस्त्यावर कुणी नव्हतं. आम्ही दोघी झोपलेल्या जनावराकडे बघावं तशा त्या तुकड्याकडे बघत राहिलो.

खालची मोठी वाहिनी फुटली होती. ती दुरुस्त करायची तर आधी पाणी बंद करायला हवं, आणि पाणी बंद करायचं तर त्या वाहिनीचा व्हॉल्व्ह सापडायला हवा. व्हॉल्व्ह जमिनीखाली असतो. म्हणून आमच्या खात्यात तो वरच्या दोन वस्तूंपासून मोजून ठेवतात. एका वस्तूपासूनचं अंतर ठाऊक असलं तर नुसता वेढा मिळतो, तिच्याभोवती फिरत बसावं लागतं. दुसऱ्या वस्तूपासूनचं कळलं की त्या वेढ्यावरचा नेमका ठिपका मिळतो. या दोन्ही वस्तू न हलणाऱ्या हव्यात, असा नियम आहे. भिंतीचा कोपरा चालतो, दगडी पायरी चालते, खांब चालतो. झाड चालत नाही.

नोंदवहीत लिहिलं होतं: 'पंपघराच्या उजव्या कोपऱ्यापासून तेवीस मीटर पंधरा. खांब क्रमांक सातपासून अकरा मीटर चाळीस.' अक्षर वळणदार, आकडे छापल्यासारखे.

पंपघर होतं. खांब क्रमांक सात नव्हता.

आमच्या इंजिनियरबाई हुशार. वय पस्तीस, आणि जे पडद्यावर दिसत नाही ते जगात नाही असं मानणाऱ्या. त्यांनी वीज खात्याला पत्र टाकलं. मंगळवारी सकाळी वीज खात्याचं उत्तर आलं, एवढं तत्पर उत्तर मी तरी पहिल्यांदाच पाहिलं. त्यांचा खांब क्रमांक सात पलीकडच्या टेकडीवर असून सुस्थितीत आहे, असं त्यात नमूद होतं. बाईंनी ते दोनदा वाचलं.

"टेकडीवरून अकरा मीटर चाळीस म्हणजे हवेत," त्या म्हणाल्या.

मग उरला एकच वेढा, पंपघरापासूनचा. तो आखला तर बराचसा एका काचघरातून जात होता. काचघराचा सांगाडा लोखंडी. जमिनीखालचं लोखंड हुडकणारं आमचं यंत्र आत काय, दारापर्यंत नेलं तरी ते एकसारखं ओरडे, जणू चारी बाजूंनी व्हॉल्व्हच आहेत. दुसरा उपाय म्हणजे अख्ख्या वरच्या वस्तीचं पाणी आठवडाभर तोडायचं. त्यात दवाखाना येतो. तेव्हा ठरलं की गुरुवारी सकाळी काचघर उतरवायचं आणि वेढ्याच्या रेघेवर चर खणायचा.

काचघर अक्काचं. आम्ही सगळे तिला अक्काच म्हणतो, सत्तरी उलटलेली, नेचे वाढवते आणि विकते. विकते असं आपलं म्हणायचं. एखाद्या गिऱ्हाइकाचा चेहरा पटला नाही तर 'तुमच्याकडे मरेल हो ते' असं सांगून त्याला वाटेला लावते. तिच्या आईची नेच्याची एक कुंडी होती, तिच्यापासून हे सगळं वाढलेलं. खात्याची नोटीस घेऊन मी गेले तेव्हा ती पानांवर फवारा मारत होती.

"गुरुवारी किती वाजता?"

"नऊला."

"म्हणजे नऊला काच उतरणार. हे दमट हवेतले जीव आहेत, दुपारपर्यंत सगळ्यांचे कागद होतील." तिने माझ्या हातातली नोटीस घेतली, ओली झालेली बोटं तिलाच पुसली. "तोपर्यंत तो व्हॉल्व्ह कुठल्या खांबाला टांगलाय ते शोधा म्हणावं. इथे खांब कधी नव्हता. मी जन्मल्यापासून नव्हता."

त्या वळणदार अक्षराचा धनी मला माहीत होता, आणि तो अक्काचा कोण लागतो तेही.

त्याला आम्ही पट्टीकाका म्हणतो. खात्यात तीस वर्षं आरेखक, निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. शर्टाच्या खिशात अजून पोलादी पट्टी असते. अक्काचा धाकटा भाऊ. राहतो पलीकडच्याच गल्लीत, आणि बारा वर्षांत दोघांचं बोलणं नाही. एकाच दुकानातून दूध घेतात, पण वेळा अशा सांभाळतात की घड्याळ लावावं.

इंजिनियरबाईंनी त्याला फोन केला होता.

"काका, खांब क्रमांक सात होता का?"

"वहीत लिहिलंय ना?"

"लिहिलंय."

"मग होता." आणि फोन ठेवला.

बाई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही जा. तुमच्याशी बोलतील. आणि काहीतरी घेऊनच या."

मंगळवारी दुपारी मी गेले. काकूंनी दार उघडलं. काका आरामखुर्चीत बसून पट्टीने नखं साफ करत होते, म्हणजे विचारात होते. मी खांबाचं काढलं की ते हवेचं काढत. मी हवेचं काढलं की ते गप्प. अशी अर्धी दुपार गेल्यावर मी उठले आणि चपला घालता घालता म्हटलं, "गुरुवारी नऊला अक्काचं काचघर उतरवतायत."

काकांच्या हातातली पट्टी थांबली.

"कुणाचं?"

"अक्काचं. पंपघरासमोरचं."

"वेढा तिच्यातून जातो?"

"लांबीच्या लांबी."

ते मग उठून आतल्या खोलीत गेले. कोपऱ्यातल्या टेबलावर एका जुन्या चादरीखाली कॉम्प्युटर झाकलेला होता. खात्यातला त्यांचाच, निवृत्तीच्या दिवशी हारासोबत दिलेला. चादर काढताना त्यांनी ती घडी घालून ठेवली. माणूस चादर भिरकावतो की घडी घालतो यावरून मी पुष्कळ काही ठरवते.

"नकाशा यात आहे," ते म्हणाले. "पण उघडत नाही."

झालं होतं ते असं. पाच वर्षांपूर्वी त्यांची लेक आली होती, दूरदेशी असते. नातवाचा चेहरा फोनवरच्यासारखा या पडद्यावरही दिसावा म्हणून तिने त्यात नवी सिस्टिम घातली. चेहरा दिसायला लागला. पण ज्या प्रोग्रॅममध्ये काकांनी अख्खं गाव काढलं होतं तो नव्या सिस्टिममध्ये चालेना. त्याच्या चित्रावर एक आडवी रेघ आली. नकाशांच्या फाइली तिथेच होत्या, एकशे बारा, पण सगळ्या कोऱ्या पांढऱ्या कागदासारख्या दिसत. काकांनी पाच वर्षं कुणाला सांगितलं नाही. लेकीला वाईट वाटेल.

"आणि नकाशात खांब दिसेल?" मी विचारलं.

"नकाशात काय ते दिसेल."

हे उत्तर मला खटकलं. ते मी मनात एका बाजूला नोंदवून ठेवलं.

*

दुरुस्तीवाली जिन्याखालच्या दुकानात बसते. पन्नाशीची आहे. गिऱ्हाइकाचा स्वभाव ती त्याच्या वायरींवरून ओळखते, आणि मी तक्रारीवरून ओळखते, म्हणून आमचं जमतं. बुधवारी सकाळी ती काकांकडे आली ती एक पत्र्याचा डबा घेऊन. डब्यात लहान लहान पेनड्राइव्ह, प्रत्येकाला चिंधी बांधलेली, चिंधीवर साल लिहिलेलं.

कॉम्प्युटरभोवती एक चक्कर मारून ती म्हणाली, "काका, नशीबवान आहात. यंत्र जुनं आहे म्हणून जमेल. आजकालची यंत्रं त्यांच्या जन्माच्या आधीचं काही चालवत नाहीत."

"नवी सिस्टिम काढणार?"

"कशाला? नातवाचा चेहरा जाईल, मग तुमची मुलगी माझ्या नावाने शंख करेल. नवं आत राहू दे. जुनं बाहेर ठेवू." तिने पिशवीतून एक डिस्क काढली. पाकिटाएवढी, करडी, एक वायर असलेली. "ही बाहेरून लावायची. चालू करताना हे बटण दाबून धरायचं, म्हणजे ते विचारतं कुठून जागा होऊ. आत बोट ठेवलं तर आजच्यात जागं होईल, बाहेरच्यावर ठेवलं तर तेव्हाच्यात."

"आणि दोन्हीची भांडणं?"

"एका वेळी एकच जागं असतं. भांडायला दोघं जागे लागतात."

काकू चहा ठेवायला गेल्या. पेनड्राइव्ह जोडून दुरुस्तीवालीने काहीतरी सुरू केलं, आणि पडद्यावर एक सूचना आली. ती वाचून ती हसली.

"म्हणतंय, मी खराब झालोय."

"मग?" काका खुर्चीतून अर्धे उठले.

"खराब काही नाही. याच्या दाखल्याची मुदत संपलीय. आजची तारीख बघितली की त्याला वाटतं आपण मेलो. त्याला सांगायचं की बाबा, ते दिवस अजून चालू आहेत. मग बसतं निमूट." तिची बोटं आकड्यांवर थांबली. "तारीख मागे न्यायची. बारा वर्षांपूर्वीची कुठलीही चालेल. कुठली टाकू?"

"अकरा मार्च," काका म्हणाले.

इतक्या पटकन कुणी आपली जन्मतारीखही सांगत नाही. काकूंच्या कपाचा बशीवर आवाज झाला. मी हेही मनात टिपून ठेवलं.

दुरुस्तीवालीने अकरा मार्च टाकला. यंत्राने थोडा विचार केला, आणि मग त्याचं म्हणणं बदललं. आता ते म्हणत होतं, एक तास चोवीस मिनिटं.

त्या एक तास चोवीस मिनिटांत त्या खोलीत काही घडलं नाही. करडी डिस्क टेबलावर गुणगुणत होती, झाकण लावलेल्या बरणीत माशी असावी तशी. दुरुस्तीवालीने ताकीद दिली होती की वायरीला कुणी हात लावायचा नाही, धक्का लागला तर सगळं आहे तिथे थिजून जाईल. म्हणून आम्ही चौघं आजारी माणसाच्या उशाशी बसल्यासारखे बसलो होतो. खिडकीतून उन्हाचा एक पट्टा आला, टेबलावर चढला, डिस्कपर्यंत पोचला आणि तिथे बराच वेळ थांबला. काकूंना डुलकी लागली. दूर कुठे कुणीतरी सतरंजी झटकत होतं, आवाज येई, मग खूप वेळाने दुसरा येई. मला वाटायला लागलं की मधला वेळ कुणीतरी सावकाश उपसून काढतंय, बादलीने, आणि तळ अजून दिसत नाही.

मग यंत्र विझलं. दुरुस्तीवाली म्हणाली, "काका, तुम्हीच दाबा."

काकांनी बटण दाबून धरलं. नको इतका वेळ धरून ठेवलं. काळ्या पडद्यावर दोन डिस्कांची चित्रं शेजारी शेजारी आली, दोन बंद दारांसारखी. त्यांनी दुसऱ्यावर नेलं.

ते सावकाश जागं झालं. एवढ्याशा वायरीतून अख्खं येत होतं, वेळ लागणारच. आधी करडा उजेड, मग निळं पाणी असलेलं ते जुनं चित्र, मग खाली एकेक करून गोल कडांचे छोटे ठोकळे. काकांनी नुसतं 'हं' म्हटलं. पण त्यांचा हात सरसर चालायला लागला. गेली पाच वर्षं या माणसाला माऊस धरताना मी पाहिलं होतं, गरम भांडं धरल्यासारखा धरायचे. आता तो त्यांच्या तळहाताखाली मांजरासारखा बसला होता. कोपऱ्यात घड्याळ दाखवत होतं: अकरा मार्च.

प्रोग्रॅम उघडला. नकाशा उघडला. काळ्या पार्श्वभूमीवर निळ्या वाहिन्या, पांढऱ्या भिंती.

"हे वहीतलं," काका म्हणाले. "पण माझ्याकडे याच्यावर आणखी एक पापुद्रा होता. खात्याला दिला नव्हता." आणि त्यांनी एका नावापुढची खूण लावली. नाव होतं 'खासगी'.

गावाला पालवी फुटली.

दुसरा शब्द मला सुचत नाही. काळ्या पडद्यावर एकदम शेकडो हिरव्या रेघा उमटल्या. त्यांनी गावातलं प्रत्येक झाड काढलं होतं. नुसते गोल नाहीत, प्रत्येकाच्या फांद्यांचा फेर निराळा, मोजून घेतलेला. झाडांखालची बाकं. बाकांच्या सावल्या, सकाळी अकराच्या. दुपारी जिथे कुत्रं झोपायचं ती जागा, एका आडव्या ठिपक्याने. काकांनी नकाशा हळूहळू सरकवला आणि आम्ही गावातून तरंगत गेलो. पाडलेली सुताराची वखार होती तिथेच होती. बुजवलेली विहीर उघडी होती, तिच्यावर वाकलेलं फुलझाडही. आमच्या कार्यालयापुढे एक बाक होतं. त्या बाकावर मी आणि टंकलेखिका रोज डबा खायचो, ती बदली होऊन गेली, मग बाकही गेलं. मी पडद्याला बोट लावलं. काच जरा गरम होती.

"साहेबांना कळलं असतं तर म्हणाले असते, सरकारी वेळेत बागा काढतोस," काका म्हणाले.

नकाशा पंपघरापाशी आला. समोर मोठाला हिरवा फेर होता, इतर सगळ्यांहून मोठा. त्याच्या मध्यापासून एक बारीक रेघ निघाली होती आणि तिच्यावर लिहिलं होतं, अकरा मीटर चाळीस.

खोलीत नुसती डिस्कची गुणगुण.

"काका," मी म्हटलं, "हा खांब आहे होय?"

त्यांनी खिशातून पट्टी काढली, परत ठेवली.

"निलगिरी. वडिलांनी लावलेली. अख्ख्या गावात तिच्याइतकं पक्कं काही नव्हतं, निदान मला तसं वाटायचं. त्या बाजूचं सगळं मी तिच्यापासून मोजलं. पण नियमात झाड बसत नाही. मग वहीत खांब लिहिलं. सहा नंबरपर्यंत खरे खांब होते, म्हणून हिला सात दिला."

"आणि बाई तीन दिवस वीज खात्याशी पत्रव्यवहार करतायत."

"ऐकलं मी." ते पडद्याकडेच बघत होते. "बारा मार्चला अक्काने ती पाडली. काचघरासाठी. मला विचारलं नाही. मी घरी आलो तर आकाश."

काकू डोळे न उघडता म्हणाल्या, "विचारलं होतं. तुम्ही हूं म्हणालात, वर्तमानपत्रातून."

दुरुस्तीवाली डब्यातले पेनड्राइव्ह उगाच मोजायला लागली.

"आता सोपं आहे," मी म्हटलं. "झाड कुठे होतं ते सांगा, मी बाईंना कळवते."

पडद्यावर झाडापासून अक्काच्या घराच्या दगडी पायरीपर्यंत अंतर काढलं, नऊ मीटर दहा. मी कागदावर लिहून घेतलं. कागद घेऊन मी निघणार तर काका पायांत चपला शोधत होते.

"तुम्ही कशाला?"

"टेपचं दुसरं टोक कोण धरणार?"

*

काचघरात दुपारचा उजेड हिरवा झालेला असतो. दार लोटलं की कानांत कापूस घातल्यासारखं होतं. छताच्या काचेवर पाणी साचतं, एक थेंब कुठेतरी पडतो, त्याचा आवाज पानांत विरतो. इंजिनियरबाईसुद्धा आत आल्यावर हळू बोलायला लागल्या. त्यांच्या हातात उद्याच्या खोदकामाचा कागद होता आणि तो दमट हवेने मऊ पडत चालला होता.

अक्का टोकाला उभी होती. भावाला बघून तिने फवाऱ्याची बाटली खाली ठेवली नाही, उलट नीट धरली.

"अक्का," काका म्हणाले. बारा वर्षांनंतर एवढंच म्हणाले, आणि तेही जमिनीकडे बघून. मग इंजिनियरबाईंकडे वळले, ते सोपं होतं. "मॅडम, खांब क्रमांक सात नव्हता. ते झाड होतं. मी खोटं लिहिलं."

बाईंनी चष्मा काढून पुसला. काचघरात चष्मा पुसून उपयोग नसतो.

"वीज खात्याला काय कळवू?"

"खांब सुस्थितीत नाही म्हणून कळवा," अक्का म्हणाली.

काकांनी टेपचं टोक मला दिलं आणि पायरीपाशी धरायला सांगितलं. बाई म्हणाल्या, "पण काका, आता नकाशा उघडलाय तर व्हॉल्व्हचं अंतर थेट पायरीपासूनच काढता आलं असतं. झाडावरून कशाला जायचं?"

"आलं असतं," काका म्हणाले, आणि झाडाकडे निघाले.

ते नेच्यांच्या दोन रांगांमधून टेप ओढत चालले होते. तो माणूस काचघरात नव्हता. एक पाऊल टाकी, थांबे, मान वर करून बघे, जणू वर फांद्या आहेत. एका जागी तो वाट सोडून थोडा वळला, तिथे काहीच नव्हतं. नकाशात तिथे मूळ वर आलेलं दाखवलं होतं, मी सकाळीच पाहिलं होतं. आम्ही सगळे त्याच्याकडे बघत होतो आणि कुणालाही घाई नव्हती. उद्या नऊला हे सगळं उतरणार होतं तरी.

टेप तिसऱ्या फळीपाशी जाऊन ताणली. नऊ मीटर दहा. फळीवर कुंड्या दाटीने लावलेल्या.

"हिच्या खाली कुठेतरी," काका म्हणाले.

"कुठेतरी काय." अक्का पुढे आली. "सरक, पट्ट्या."

तिने फळीवरच्या कुंड्या बाजूला केल्या, एकेक, कोणती कुठे जाते हे ठरलेलं असल्यासारख्या. मग फळीच उचलली. खाली, जमिनीपासून हातभर, बुंधा होता. करडा, रुंद, वर करवतीच्या रेघा, रेघांत शेवाळ. मधोमध एक जुनी कुंडी ठेवलेली, काठ उडालेली. आईची.

काकांच्या हातातून टेप सुटली आणि सरसर माझ्याकडे परत आली.

"काढला नाहीस?"

"मुळं खोल गेलेली. आणि बसायला बरा आहे." तिने कुंडीचं तोंड उजेडाकडे वळवलं. "आईला कुठेतरी ठेवायचंच होतं. बाबांच्या वर ठेवलं, आता भांडू देत दोघांना."

इंजिनियरबाईंनी घसा साफ केला. "अक्का, तुम्ही कालच सांगितलं असतंत की इथे झाडाचा बुंधा आहे..."

"मला झाड कुणी विचारलं? तुम्ही खांब विचारलात. खांब इथे नव्हता, मी तसं सांगितलं."

हिशेब माझ्या डोक्यात आपोआप मांडला गेला. एक पत्र, एक नोटीस, एक करडी डिस्क, एक तास चोवीस मिनिटं, आणि मागे नेलेली बारा वर्षं. या सगळ्याचा उपयोग एवढाच झाला की एक माणूस उठून पलीकडच्या गल्लीत गेला. पण त्याशिवाय तो गेला नसता, हेही मी त्याच ओळीत लिहीन.

टेपचं टोक बुंध्यावर अक्कानेच धरलं. दुसरी टेप पंपघराच्या कोपऱ्यावर बाईंनी. बुंध्यावरची टेप काचघराच्या दारातून बाहेर गेली आणि बाहेरच्या उन्हात दोन्ही टेपा एकमेकींना भेटल्या. अकरा चाळीस, तेवीस पंधरा. तिथे एक सपाट फरशी होती. अक्का रोज दुपारी हातपाय धुऊन तिच्यावर बसते.

फरशी हलवली. कमरेइतकं खणल्यावर पहार लोखंडावर वाजली. आमच्या माणसाने लांब दांड्याची चावी आत सोडली, दोघांनी जोर लावला, आणि ती फिरली. थोड्या वेळाने लॉन्ड्रीवाली कोपऱ्यावरून येताना दिसली. आजही हळूच बोलली.

"निजला."

काचघराची एकही काच निघाली नाही. इंजिनियरबाईंनी मऊ पडलेला कागद चार तुकड्यांत फाडला, फाडतानासुद्धा आवाज झाला नाही. मग नोंदवही उघडून काकांना विचारलं, "आता इथे काय लिहू? बुंधा नियमात बसत नाही."

"अक्काची पायरी लिहा. पक्की आहे."

"आणि मी उद्या हलवली तर?" अक्का म्हणाली.

"तर मला येऊन सांग."

*

पुढच्या आठवड्यात मी काकांकडे गेले होते, सुधारलेल्या नोंदीवर सही घ्यायला. दार उघडंच होतं. अक्का आतल्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसली होती, मांडीवर नेच्याची एक छोटी कुंडी, द्यायला आणलेली पण अजून हातातून न सुटलेली. काका बटण दाबून उभे होते. पडद्यावर दोन दारं आली.

"यातलं कुठलं?"

"बाहेरचं."

करडी डिस्क गुणगुणायला लागली. काकांनी मला खुणेनेच थांबायला सांगितलं, वायरीकडे बोट दाखवून. मी उंबऱ्यावरच उभी राहिले. निळं पाणी आलं. आलं तसं काकांनी कोपऱ्यातल्या घड्याळात जाऊन तारीख मागे नेली. काकू नंतर म्हणाल्या, रोज नेतात, न चुकता. नवं जागं झालं की ते आपलं आपण आजवर येतं, मग दुसऱ्या दिवशी पुन्हा मागे न्यावं लागतं.

मग गावाला पालवी फुटली, आणि ते पंपघराच्या दिशेने हळूहळू सरकत गेले, वखारीवरून, विहिरीवरून. मोठा हिरवा फेर आला आणि पडदाभर थांबला. अक्का बघत राहिली. बघता बघता तिची नजर कोपऱ्यातल्या घड्याळावर गेली, आणि तिच्या बोटांनी कुंडीचा काठ घट्ट धरला.

"अकरा मार्च," ती म्हणाली. "म्हणजे उद्या मी हे पाडणार."

काकांनी तिच्या हातातली कुंडी सोडवून घेतली आणि खिडकीशी, उजेडात, ठेवली.

"उद्याचं उद्या," ते म्हणाले, आणि तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसले.